अण्णांची चार दिवसांची रजा

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी इंजिनापाशी उभा होतो, आणि माझी नजर आधी हवेच्या दाबाच्या काट्याकडे गेली. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. रडू यायच्या आधी मनात आलं, आता हे बंद पडलं तर चालू कोण करणार?

मल्लिनाथअण्णा सोलापुरात आमच्या सूतगिरणीचं इंजिनघर सांभाळायचे, मी त्यांच्या हाताखाली. गिरणीची सगळी वीज दोन इंजिनांवर, एक चालू आणि एक राखीव. बाहेरच्यांना वाटतं, इंजिन पाच मिनिटं थांबलं तर कामही पाचच मिनिटं थांबतं. तसं नसतं. साचे, म्हणजे सूत कातायची यंत्रं, थांबले की धागे तुटतात, आणि वीज परत आली तरी माणसं तास-दीड तास नुसती धागे जोडत बसतात. म्हणून अण्णांचा जीव त्या पाच मिनिटांत अडकलेला असायचा. इंजिन चालू करणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. पहारीनं अवजड चाक नेमक्या खुणेवर आणायचं आणि टाकीतली दाबून भरलेली हवा झटक्यात सोडायची. हवा तीन झटक्यांना पुरायची. ते वाया गेले तर टाकी भरेपर्यंत गिरणी ठप्प. अण्णांना दुसरा झटका कधी लागलाच नाही, आणि तेच त्यांच्या मुळावर आलं.

घराबाहेर पडताना ते कुठं जातोय याची चिठ्ठी गिरणीच्या गेटवर ठेवायचे. सिनेमाला गेले तर दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे, कारण पडद्यावर त्यांच्या नावाची पाटी कधी झळकेल याचा नेम नसायचा. वैरागला मेहुणीच्या लग्नात हातात अक्षता असताना गिरणीची जीप दारात उभी राहिली. अण्णांनी अक्षता बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, ओंजळीत टाकल्या आणि निघाले. 'तुमच्याशिवाय चालायचं नाही' असं साहेब म्हणायचे, मुकादम म्हणायचे, मीही म्हणायचो. कौतुक करून करून आम्ही त्या माणसाला कोंडून घातलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी पुण्याला जाऊन तपासून या म्हणून सांगितलं. साहेबांचं म्हणणं, राखीव इंजिन दुरुस्तीला खोललंय, तेवढं जोडून होऊ द्या. मग एका दुपारी अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. हातातला चहा तसाच होता.

"चार दिस सांभाळशील का रं?"

"मला न्हाय जमायचं, अण्णा. हवा संपली तर?"

चहा खाली ठेवत ते म्हणाले, "खरं हाय तुझं." आणि उठून तेलाची पातळी बघायला गेले. सोळा दिवसांनी जेवता जेवता ते गेले.

आता जे लिहायचं टाळत आलो ते लिहितो. मला जमत होतं. चार वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी, अण्णा जेवायला गेले असताना, मी एकट्यानं चाक खुणेवर आणलं होतं. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. मी ते लगेच बंद केलं, टाकी भरून ठेवली आणि कुणाला अवाक्षर बोललो नाही. ज्याला येतं त्याला सुटका नाही, एवढं अण्णांकडे बघून कळलं होतं. मला माझ्या मुलांना घेऊन सिनेमा पुरता बघायचा होता... तो मी बघितलाही, दर महिन्याला, अगदी मधल्या खुर्चीवर बसून.

अण्णांच्या तेराव्यानंतर इंजिन बंद पडलंच. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी चालू केलं. साहेबांनी पाठ थोपटली, तसा मी तेलाची पातळी बघायला गेलो.

त्यानंतरच्या रविवारी अण्णांचा डबा आणि कामावरचे कपडे द्यायला घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं. तिकडं आता कोण बघतंय, असं त्यांनी सहज विचारलं. मी बघतो म्हणालो.

"तुमाला येतं व्हय, भावजी?"

"येतं."

"कवापास्नं?"

खोटं बोलता आलं असतं. "चार वर्षं झाली," मी म्हणालो.

कपड्यांच्या घडीत तेलानं माखलेला एक सदरा होता, तो वहिनींनी उलगडला, नीट बघितला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्यो तुमीच घालत जा," त्या म्हणाल्या.