गिरीशकाकांनी दिलेली शाल

गिरीशकाकांना 'नाही' म्हणता येत नाही. म्हणजे म्हणायचं असतं, पण आधी ते घसा खाकरतात, मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसतात, मग "त्याचं काय आहे..." अशी सुरुवात करतात. तिथून ते वाक्य आमच्या लंडनच्या पिनर स्टेशनपर्यंत जाऊन परत येतं, तरी त्यात 'नाही' काही चढत नाही.

ते मूळ नागपूरचे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासतात. "तिथं मशीनच हो की नाही ते छापून देतं, म्हणून नोकरी टिकली," असं प्रमोदिनीकाकू म्हणतात. आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. रविवारी आईची वॉर्डात ड्यूटी असली की मी त्यांच्याकडे, आणि रविवारी ते दोघं असतात ग्राउंडवर. त्यामुळे दोन हजार सातच्या त्या सीझनमध्ये जे काही झालं ते मी काकूंच्या शेजारच्या फोल्डिंग खुर्चीवरून पाहिलंय.

लंडनला येण्याआधी काकांनी दोन वर्षं अमेरिकेत काढली. तिथून लोक ग्रीन कार्ड आणतात, काकांनी अमेरिकन फुटबॉल आणला. इथं त्यांना हॅरो हेरन्स नावाची टीम सापडली. रग्बी क्लबचं रिकामं ग्राउंड, चाळीसेक प्रेक्षक, त्यात खेळाडूंच्या आया, गर्लफ्रेंड, आणि एकही मॅच न चुकवणाऱ्या ब्रेंडाबाईंचा कुत्रा धरून तीन कुत्रे. आणि एक गिरीशकाका. तेही प्रेक्षक नाहीत खरं तर. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. ते दहा यार्ड मोजायला बाजूच्या रेषेवर दोन माणसं दोन काठ्या घेऊन उभी असतात, काठ्यांच्या मध्ये साखळी. एक काठी काकांची. साखळीवाल्यानं ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, मॅच चालू असताना खेळाडूंशी बोलायचं नाही. म्हणजे टीमच्या सगळ्यात वेड्या चाहत्याला तोंड बंद ठेवायची ड्यूटी. त्याच्या सहा वर्षं आधी कोच डेव्हनं विचारलं होतं, "गिब्बो, जरा धरतोस का?" काकांनी घसा खाकरला, चष्मा पुसला, आणि तेवढ्यात काठी हातात आली होती.

'गिब्बो' हे नाव टेरीनं ठेवलेलं. टेरी हेरन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे मधे उभा राहून चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवणारा. टीमचा मेंदूही तोच, हातही तोच. वय एकोणचाळीस, गुडघ्याला पट्टा, खांदा फिरवला की दार कुरकुरावं तसा आवाज. बाकीचे सहा दिवस घरोघरचे गरम पाण्याचे गॅस बॉयलर दुरुस्त करतो. बोलताना शब्दाच्या शेवटचा 'ट' कधी बाहेर येऊ देत नाही. "ऑराइ', गिब्बो? कपभर चहा पाज, मे'." काकांच्या पहिल्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला तेव्हा हाच माणूस आला, चार तास पालथा पडून काम केलं आणि उठताना काकूंचे सात बटाटेवडे खाऊन गेला. तेव्हापासूनची दोस्ती. काकांना लंडनमध्ये 'अरे-तुरे'तला मित्र एकच, आणि तो इंग्लिश.

आता टेरी हरतो, हे सगळ्यांना मान्य होतं. मागच्या सीझनला दहा मॅचेस, दहा हार. चेंडू त्याच्या हातातून निघायचा तो दमलेल्या कबुतरासारखा. ब्रेंडाबाई दर वेळी सिगारेट हलवत म्हणायच्या, "टाकाऊ आहे मेला. पण आपला आहे." आणि शिवाय, डेव्हचा बॉयलर टेरीकडे, ब्रेंडाबाईंचा टेरीकडे, अर्ध्या टीमचा टेरीकडे. जिंकायचं सगळ्यांनाच होतं, पण गरम पाणीही हवं होतं.

अमेरिकेत नव्या खेळाडूंना टीमा निवडून घेतात तो मोठा सोहळा असतो म्हणे, टीव्हीवर वगैरे. आमच्याकडे तो महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला झाला. एप्रिलमध्ये, लगोरी खेळताना.

परीक्षित नावाचा मुलगा पुण्याहून बँकेच्या सॉफ्टवेअरवर आलेला. वय चोवीस, वर्क व्हिसा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हो काका". कुणीतरी म्हणालं, मुलांच्या पुढ्यात काय उभा राहतोस, लांबून मार. तो मागे गेला, आणखी मागे गेला, झाडापाशी पोचला आणि तिथून त्यानं चेंडू असा सोडला की सातच्या सात दगड उडाले आणि सुप्रभाताईंच्या दहीबुत्तीच्या डब्याला पोचा आला. सगळे टाळ्या वाजवत होते. काका मात्र पावलं मोजत होते. मग धावत गाडीकडे गेले आणि डिकीतून तो अंड्यासारखा चेंडू घेऊन आले.

"हा फेक रे जरा."

"हो काका."

बावन्न यार्ड. आणि फिरत, सरळ, शिट्टी वाजवत. काकांनी आनंदाच्या भरात तिथूनच डेव्हला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घसा न खाकरता वाक्य पूर्ण केलं होतं, आणि नेमकं तेच नडलं.

मंगळवारी डेव्हचा फोन आला. डेव्ह बोलतो तेव्हा प्रत्येक गोष्ट शाळेतल्या पीटीच्या सरांसारखी बोलतो, मोजून. "गिब्बो. वन. मुलगा हिरा आहे. टू. पुढच्या रविवारपासून तोच क्वार्टरबॅक. थ्री. टेरीला तू सांग."

"मी? त्याचं काय आहे, डेव्ह..."

"तू त्याचा मित्र आहेस. मुलगा तुझा आहे. आणि माझ्याकडे लहान बाळ आहे, गिब्बो, मला गरम पाणी लागतं." फोन बंद.

पुढचे आठ दिवस काका घरात कोंडल्यासारखे हिंडत होते. फोन वाजला की बाथरूममध्ये जायचे. टेरीची व्हॅन गल्लीतून गेली की पडद्यामागे. एका संध्याकाळी मला म्हणाले, "तुला त्याचा आवाज काढता येतो ना? तू टेरी हो. मी सराव करतो."

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाय फाकवून बसले आणि खांदा कुरकुरवला. "ऑराइ', गिब्बो?"

काका खुर्चीत सरसावले. "टेरी, त्याचं काय आहे... तू फार वर्षं खेळलास."

"चौदा, मे'. आणि अजून कडक आहे."

"हो, कडक आहेसच. म्हणजे... गुडघा कसा आहे?"

"गुडघा झक्कास. का रे?"

"काही नाही. चहा घेणार?"

"अहो, तिला काय चहा विचारताय!" काकू कढईवरून ओरडल्या. "ती टेरी नाहीये! तिच्यासमोर बोलता येईना, त्याच्यासमोर काय बोलणार तुम्ही?"

पाच वेळा सराव केला. पाचही वेळा शेवट चहावर. शेवटी काकूंनीच तोडगा काढला. "आपल्याकडे कुणाला 'आता घरी बस' असं तोंडावर सांगतात का? सत्कार करतात. शाल, श्रीफळ, दोन शब्द. माणूस समजून जातो. माझ्या वडिलांना शाळेनं शाल दिली, दुसऱ्या दिवशी गेले का ते शाळेत?"

काकांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा रंग आला.

ईलिंग रोडवरच्या देशी दुकानातून शाल आणली. मरून रंगाची, काठाला जर. शेंडीवाला नारळ आणला. गुरुवारी प्रॅक्टिसनंतर रग्बी क्लबच्या खोलीत, जिथं चिखल आणि बिअर यांचा मिळून एक वास येतो, तिथं काकांनी टेरीला खुर्चीत बसवलं. काकूंनी कुंकू लावलं. काकांनी शाल घातली, हातात नारळ दिला आणि कागद काढला. भाषण इंग्लिशमध्ये होतं, पण आतून पूर्ण मंडळाच्या वर्धापनदिनाचं होतं. टेरीचं योगदान, टेरीचा निःस्वार्थ त्याग, टेरीनं लावलेला वृक्ष, पुढच्या पिढीसाठी मोकळी झालेली वाट. 'वाट' म्हणताना काकांनी परीक्षितकडे बघितलं. परीक्षित बुटाकडे बघत होता. मंडळाच्या कुठल्याही माणसाला दुसऱ्याच वाक्याला कळलं असतं की आता उठायचं, नमस्कार करायचा आणि निघायचं.

टेरी उठला. शाल गळ्याशी गच्च धरली. डोळे ओले.

"चौदा वर्षांत या क्लबमध्ये मला कुणी काही दिलं नाही. शिव्या दिल्या." सगळे हसले. "खरं सांगू? मी या सीझनलाच सोडणार होतो. रविवारनंतर डेव्हला सांगणारच होतो, बस झालं म्हणून. पण आता? आता कसा सोडू? गिब्बोसाठी अजून दोन वर्षं!"

टाळ्या पडल्या. ब्रेंडाबाई रडल्या. डेव्हनं काकांकडे असं पाहिलं की मी ती नजर आजही करून दाखवू शकते, पण करत नाही. काका टाळ्या वाजवत होते. थांबताच येत नव्हतं त्यांना.

रविवारी मंडळाची बावीस माणसं ग्राउंडवर आली, परीक्षितला बघायला. चिवडा, थर्मास, कुणीतरी ढोल आणायचा म्हणत होतं, त्याला कसंबसं थांबवलं. जुने प्रेक्षक एका बाजूला, मंडळ दुसऱ्या. ब्रेंडाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "मुलगा छान आहे गं. जिंकू आपण. मला अजिबात आवडत नाहीये."

टेरी पॅड, हेल्मेट आणि वरून ती मरून शाल घालून धावत होता. डेव्ह साखळीपाशी आला.

"वन. सांगितलंस ना त्याला?"

"मी शाल दिली, डेव्ह."

"म्हणजे?"

"आमच्याकडे त्याचा अर्थ..."

"गिब्बो, तो वॉर्म-अप करतोय!"

तेवढ्यात रेफरी आला. काठी सोडायची नाही, तोंड उघडायचं नाही, पाच मिनिटांत सुरू, आणि दुसरी काठी धरायला माणूस द्या, नाहीतर मॅच होणार नाही. काका एका हातात काठी घेऊन उभे. पलीकडून टेरी शाल उडवत आला.

"गिब्बो! आज खांदा वाजतसुद्धा नाहीये. ही शाल जादूची आहे!"

काकांनी घसा खाकरला. चष्म्याकडे हात नेला, पण हातात काठी. दुसऱ्या हातात साखळी. पुसायला काही मोकळं नव्हतं.

"टेरी," काका म्हणाले, "ती शाल निरोपाची होती."

"काय?"

"आमच्याकडे संपलं की देतात. तुला बसवायचंय. परीक्षितला मीच आणला. मला सांगता येत नव्हतं म्हणून शाल दिली."

टेरीनं अंगावरच्या शालीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणि नारळ?"

"तोही."

त्यानं शाल काढली. घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून. काकूंच्या मांडीवर आणून ठेवली. मग परीक्षितकडे गेला. तो "सर, सर" करत उभाच होता. त्याच्या हेल्मेटचा पट्टा आवळला आणि म्हणाला, "त्यांचा चव्वेचाळीस नंबरवाला डावीकडून येतो. त्याच्याकडे बघायचं नाही. चेंडू आधी सोडायचा." डेव्हकडे वळलासुद्धा नाही. सरळ साखळीपाशी आला, रिकामी पडलेली दुसरी काठी उचलली आणि दहा यार्डांवर जाऊन उभा राहिला.

दोन तास ते दोघं तसे उभे होते. एका साखळीची दोन टोकं, आणि बोलायला बंदी. परीक्षितनं पहिला लांब चेंडू टाकला तेव्हा मंडळ उठून नाचायला लागलं, काकांचा जबडा नुसता थरथरत होता. टेरी समोर बघत होता. शेवटच्या मिनिटाला हेरन्सचे दहा यार्ड झाले की नाही ते कळेना, म्हणून दोघांना साखळी घेऊन ग्राउंडच्या मधोमध जावं लागलं. काकांनी काठी रोवली. टेरीनं साखळी ताणली, हवी त्याहून जास्त, असा हिसका दिला की काका पुढे झुकले. रेफरी गुडघ्यावर बसला. चेंडूचं नाक टेरीच्या काठीच्या पुढे होतं, बोटभर, म्हणजे चेंडू हेरन्सकडेच राहणार.

हेरन्स जिंकले, जवळजवळ दोन वर्षांनी. ब्रेंडाबाई आनंदानं ओरडल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. टेरीनं काठी जमिनीवर ठेवली आणि व्हॅन घेऊन गेला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी तो आला. काठी धरली. मॅच संपली की गेला. प्रत्येक मोजणीला एक हिसका. काकांच्या तळहाताला घट्टा पडला. घरी आम्ही साखळीचं नाव काढायचं नाही, असा नियम झाला.

ऑक्टोबरमध्ये काकांचा बॉयलर गेला. तीन आठवडे किटलीत पाणी तापवून आंघोळी चालल्या होत्या.

"दुसऱ्या कुणाला तरी बोलवा," काकू म्हणाल्या.

"दुसऱ्याला कसं बोलवू? टेरीला कळलं तर?"

"मग टेरीला बोलवा."

"टेरीला कसं बोलवू?"

एका शनिवारी काकूंनी मोबाइल त्यांच्या हातात कोंबला आणि स्वयंपाकघराचं दार बाहेरून लावून घेतलं. आम्ही दोघी दाराला कान लावून. आत आधी घसा खाकरला गेला. मग चष्मा पुसणं चालू असणार. मग काकांचा आवाज आला, एका दमात.

"टेरी, बॉयलर गेलाय. आणि त्या गुरुवारी मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं. मी घाबरलो."

पलीकडचं काही ऐकू येईना. काका "हो" म्हणाले. परत "हो". मग दार आतून ठोठावलं. बाहेर आले ते फोन कानापासून लांब धरून, जणू तो गरम होता.

"काय म्हणाला?"

"मंगळवारी येतो म्हणाला."

"अजून?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाय फाकवून उभी राहिले, खांदा कुरकुरवला. पण या वेळी त्यांनी स्वतःच टेरी केला. वाईट केला, 'ट' गिळायचं विसरले, पण आवाज मात्र तोच होता.

"वडे चालतील, गिब्बो. शाल दिलीस तर पाइप कापून जाईन."