वयनी, गळा बघा

एकसष्टाव्या वर्षी मी कशी दिसत होते ते आधी सांगते. डोळ्यांवर नातीचा गुलाबी पोहायचा चष्मा. पाठीला सुतळीने बांधलेला तेलाचा रिकामा कॅन. अंगात सुनेचा जुना पंजाबी ड्रेस, काखेत उसवलेला. पायात नवऱ्याचे कारखान्यातले जाड मोजे. अशी ही बया एप्रिलच्या भर दुपारी मासवणला सूर्या नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी होती आणि गणपतीला सांगत होती, "बाबा रे, मी डोकं आत घालतेय, बाहेर काढायचं तू बघ." आज सत्तरीला टेकले. ती बाई आठवली की मला एकटीला हसू फुटतं. तेव्हा हसू येत नव्हतं. तेव्हा मी रोज जेवायला बसले की घास तोंडात फिरायचा.

माझं माहेर तारापूरकडचं, समुद्राकाठचं. त्यामुळे सासरी सगळ्यांचा समज, की मला पोहता येतं. मीही तो कधी मोडला नाही. आमच्या गावच्या बायका मासळी सुकवायच्या, विकायच्या, पण पाण्यात घोट्याच्या पुढे पाऊल घालत नसत. पोहण्याची माझी सगळी विद्या एवढीच.

नदीत उतरायचं कारण एक हार होता. सोन्याच्या दूर्वांचा, वीतभर. सासूबाईंनी घरच्या गणपतीसाठी केलेला. आमचं घर दोन भावांचं: एक ओटी, दोन दारं, मध्ये एक भिंत. गणपती मात्र एकच, माझ्या बाजूच्या देवघरात. विसर्जनाआधी मूर्तीच्या गळ्यातला हार काढून डबीत ठेवायचं काम धाकट्या जावेचं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचंच. सासूबाईंनीच तिला ते दिलं होतं, कारण तिची बोटं बारीक आणि माझी म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, "मुसळं."

दीर गेले. पुढच्याच गणपतीला जाऊ नेहमीसारखी डबी उघडून मूर्तीपाशी उभी राहिली आणि मी तिच्या हातातून डबी काढून घेतली. म्हटलं, "तू दमलीस गं. राहू दे, मी काढते." दमण्याशी काही संबंध नव्हता. विधवेनं देवाच्या गळ्याला हात लावू नये, असं माझ्या मनात आलं होतं, आणि ते उघड म्हणायची लाज वाटली म्हणून मी त्याला माया फासली. तेवढ्यात कुणीतरी आरतीला हाक मारली. मी डबी मिटली, तिच्याकडे परत दिली, "कपाटात ठेव" म्हणाले आणि आरतीला धावले.

दोन दिवसांनी डबी उघडली तर रिकामी. मुलगा, सून, नात, आमचे हे, शेजारच्या दोघी, सगळे ओटीवर होते. मी म्हटलं, "डबी तर तुझ्याच हातात होती."

पाच शब्द. जावेनं ओले हात पदराला पुसले, डबी माझ्या तळहातावर ठेवली आणि आपल्या दारानं आत गेली. दिवाळीत तिनं आमच्या ह्यांना तेवढं सांगितलं, "भाऊजी, पुढच्या सालापासून माजा गणपती वेगळा." आमच्याकडे वटपौर्णिमा झाली की मूर्तिकाराकडे पाट पोचवतात. त्या पाटावरच मूर्ती घडते. एकदा पाट दिला आणि गणपती वेगळा आणला, की तो पुन्हा एक करत नाहीत. म्हणजे घर कायमचं दोन.

फाल्गुनात नात आली होती. फोनमध्ये जागा करायला बसली. "आजी, हा विसर्जनाचा व्हिडिओ ठेवू की पुसू?" बघितला. मूर्तीला पहिली बुडी दिली तशी फुलांची माळ पाण्यावर तरंगली आणि खाली गळ्यात काहीतरी पिवळं चमकलं. पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा चमकलं. आणि त्यावर माझाच आवाज, सगळ्यांच्या वर: "पुढच्या वर्षी लवकर या!"

हार मी काढलाच नव्हता.

शहाण्या बाईनं काय केलं असतं? चार पावलं चालून शेजारच्या दारात गेली असती. मी नातीला म्हटलं, "पूस."

मग ह्या मुसळबोटीच्या डोक्यात योजना आली. हार विसर्जनाच्या डोहातून काढायचा आणि घरात सापडवायचा. देवघराच्या कोनाड्यात मागच्या, दोन घरांमधल्या भिंतीला एक भेग होती. त्या भेगेत हार घसरला होता, अशी गोष्ट मी पक्की केली. जावेला हाक मारायची, "बघ गं, किती वेडी मी, इथंच होता!" दोघींनी हसायचं. पाट एकच जायचा. अडचण एवढीच, की गोष्ट मोठी होती आणि भेग लहान. बोटभर रुंद तरी हवी. म्हणून मी भिंतीच्या दुरुस्तीचं काम काढलं. सकाळी छिन्नी-हातोडी घेऊन भिंत, दुपारी सगळे आडवे झाले की नदी.

आमचे हे बोईसरला कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर हत्यारं हाताळलेला माणूस. मला छिन्नी धरताना बघून त्यांना घाम फुटायचा.

"अगं, गवंडी बोलावतो."

"देवघरात गवंडी नको."

"मग मला दे."

"तुमचा रक्तदाब."

त्यांच्याच हत्यारांनी मी बादलीचा तळ कापून तिथं खिडकीची काच बसवली, कडेनं काचेला लावायची लांबी भरली. पाण्यावर ठेवून आत डोकावलं की तळ दिसावा म्हणून. त्यांनी बादली उलटी करून बघितली.

"बादलीला खालून काच कशाला?"

"कपड्यांचा मळ निघाला का ते बघायला."

"खालून?"

"मग काय वरून दिसतो?"

नदीचं कारण गुडघे होते. डॉक्टरनं पाण्यात व्यायाम सांगितलाय, असं मी घरी ठोकून दिलं होतं. ती बादली पहिल्याच दिवशी गळली. वाळू चाळायला जुन्या खिडकीच्या चौकटीला मच्छरदाणीची जाळी ठोकली होती, ती तिसऱ्या दिवशी वाहून गेली. राहिलं काय, तर मी आणि तेलाचा कॅन. कॅन मला वर ओढायचा आणि मला जायचं होतं खाली.

हे सगळं एक बाई काठावरून बघत होती. वरच्या पाड्यावरची, माझ्याच वयाची. उन्हाळाभर दगडांखाली हात घालून खेकडे काढायची. चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"बाय, तुला बुडायचं हाय का तरंगायचं? येक काय ते ठरव."

"माझी नथ पडलीय," मी म्हटलं. खोटं आता आपोआप यायला लागलं होतं.

तिनं कॅन सोडायला लावला. मांडीत धरायला एक गोल दगड दिला. दगड धरून खाली बसायचं, सोडला की वर. "आनि तो चश्मा काड. गढूळात डोलं काय कामाचं? पायानं बग." मोजे काढले आणि पायांनी बघायला लागले. खरंच दिसायला लागलं. शिंपला, खापर, नाणं, आणि ज्याला कडा आहे असं काहीही. रोज दगड घेऊन खाली जायचे, दहा मोजायचे, वर यायचे, खोकायचे, पुन्हा जायचे. डोहातून मी काय काय काढलं! पितळी घंटा, पत्र्याचा मुकुट, अर्धं पैंजण, निरांजन, एका देवाचा नुसता हात. सगळं मागीलदारी टबात साठवलं. लोकांच्या देवांचं सामान भरपूर मिळालं. आमच्या देवाचं काही नाही.

मे सरत आला. नाकातून रक्त यायला लागलं, कान दुखायचे, बोटांची कातडी निघाली. पलीकडे जाऊ पाट घासताना ऐकू यायची. नवा पाट, काथ्यानं, खर्र खर्र. मी भिंतीवर हातोडी मारली की तो आवाज थांबायचा. मी थांबले की पुन्हा सुरू. आठ महिन्यांत आम्हा दोघींचं बोलणं म्हणजे तेवढंच.

एक दिवस छिन्नी जरा जोरात बसली आणि अख्खी वीट पलीकडे पडली. थेट तिच्या स्वयंपाकघरात. भांड्यांचा आवाज झाला. भोकातून तळलेल्या बोंबलाचा वास आला आणि पाठोपाठ एक डोळा.

"काय पायजे?" ती म्हणाली.

तोंड उघडलं. एवढं मोठं भोक समोर, आणि त्यातून घालायला माझ्याकडे एक शब्द नाही. "भिंत... दुरुस्त करतेय," मी म्हटलं.

"दिसतंय," ती म्हणाली आणि पलीकडून भोकात गोणपाटाचा बोळा कोंबला.

त्या दुपारी मी वेड्यासारखी डोहात शिरले. वटपौर्णिमेला दिवस चारच उरले होते. हार हवाच होता. गणपतीला म्हटलं, आज तो दिला नाहीस तर मला इथंच ठेव. दगड घेऊन खाली बसले आणि पाय कशाततरी गेला. काथ्या, बांबू, कुठल्यातरी मोठ्या मूर्तीचा सांगाडा. दगड सोडला तरी वर जाता येईना. दहा झाले, वीस झाले. पुढे मोजायचं विसरले. हातानं चाचपत पाय ओढत होते आणि हाताला काहीतरी गोल, धातूचं लागलं. मरता मरतासुद्धा ह्या बयेनं ते सोडलं नाही, मुठीत धरलं! एवढ्यात कुणीतरी माझा अंबाडा पकडला आणि मुळासकट उपटावा तसा वर ओढला.

पाड्यावरची बाई मला काठावर पालथी घालून पाठीत गुद्दे मारत होती. पाणी ओकून झाल्यावर म्हणाली, "नथीसाटी कोन एवडं बुडतं? खरं सांग."

सांगितलं. हार, डबी, पाच शब्द, व्हिडिओ, भिंत, सगळं. ह्या जगात ते मी पहिल्यांदा तिला सांगितलं, जिच्याशी माझं काही नातं नव्हतं. ती ऐकता ऐकता खेकड्यांची टोपली बांधत होती.

"मंग तिला सांगायचं ना," ती म्हणाली. "तुजी जाव काय डोहात हाय?"

मुठीत होतं ते उघडून बघितलं. स्टीलची वाटी. काळी पडलेली, काठ चेपलेला. बुडाशी दिराचं नाव कोरलेलं. त्याच्या लग्नातल्या भांड्यांतली. कधीतरी जावेच्या हातून नदीवर घासताना वाहून गेली असणार.

ओल्या कपड्यांनीच घरी आले. दारानं जायची हिंमत झाली नाही. देवघरात बसून भोकातला बोळा ओढला आणि वाटी पलीकडे सरकवली. आधीही आमटी, लोणचं, विरजण असंच जायचं, ओटीवरून. पलीकडून नखानं अक्षरं खरवडल्याचा आवाज.

"ही कुटं मिळाली?"

"नदीत."

"गाव बोलतंय, वयनी दुपारच्या नदीत बसतात." "एवडा उनाळा... तुमी माजी वाटी हुडकत होता?"

बघा. नुसतं "हं" म्हणायचं होतं. वाटी तिच्या हातात, नवऱ्याचं नाव तिच्या बोटाखाली, आणि तीच मला खोटं काढून देत होती, तयार, शिवून. पाट वाचला असता. मी "हं" म्हणायला श्वास घेतला होता, हे मी लपवत नाही. त्या श्वासाबरोबर घशात अडकलेलं नदीचं पाणी वर आलं आणि मी खोकत सुटले. खोकला थांबला तेव्हा म्हटलं, "नाही गं. ही चुकून लागली. मी हार शोधत होते. तो मीच काढला नव्हता. फोनमध्ये दिसला, आणि ते मी पुसायला लावलं."

तिच्या चुलीवर काहीतरी उतू जाऊन चर्र झालं, ती उठली नाही.

"गावला असता तर?"

"तर ह्या भोकात सापडला म्हणून सांगितलं असतं. भोक त्यासाठीच पाडलं."

पलीकडून एक आवाज आला. हसली की रडली, मला कळलं नाही. आजवर विचारलेलं नाही. मग ती म्हणाली, "हार गेला त्याचं नाय एवडं. चोर म्हनाल्या त्याचं पन नाय. मी डबी घेऊन उबी होती, वयनी. तुमाला माजा हात चालंना."

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. मी फासलेल्या मायेखालचं सगळं. "चुकलं माझं" म्हटलं. ते भोकाच्या मानानं फार लहान होतं.

"पाट सकाळी दिला," ती म्हणाली. "वटपौर्निमेला थांबली नाय." आणि बोळा परत लावला.

तेव्हापासून आमच्या घरात गणपती दोन. भिंतीला भोक तसंच आहे. आमचे हे बुजवायला निघाले होते, दोन्ही बाजूंनी "राहू दे" आलं. दर वर्षी विसर्जनाच्या दिवशी, मी पूजेला बसले की पलीकडून बोळा निघतो आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत हाक येते, "वयनी, गळा बघा!" पोरं हसतात. माझ्या मूर्तीच्या गळ्यात आता हिरव्या दूर्वांशिवाय काही नसतं. तरी मी माझी मुसळं फिरवून नीट चाचपते आणि म्हणते, "बघितला. तू येऊन बघ ना एकदा."

ती अजून आलेली नाही. हाक मात्र एकाही वर्षी चुकलेली नाही.