पेन्शनची चौकशी आणि फ्रीजला नमस्कार

आधी चहा पिऊन घ्या बाबांनो, नाहीतर हसताना ठसका लागेल आणि तोही माझ्याच माथी येईल. गेल्या महिन्यात मी जेवढी माती खाल्ली ना, तेवढी आमच्या पाळी गावच्या खाणीतूनसुद्धा निघाली नसेल!

तर मला सरकारची म्हातारपणाची पेन्शन येते. लेक ट्रकवर जातो, त्यात घराचं कसंबसं भागतं. माझी पेन्शन मात्र सगळी नातीची. सायली सातवीत आहे, दर शनिवारी डिचोलीला तबला शिकायला जाते. क्लासची फी माझी, बसचं तिकीट माझं, येताना खायचा भजी-पावही माझाच. जन्मभर घरात पैसा आला तो पुरुषांच्या खिशातून. हा पहिलाच माझा, आणि तो कशावर घालायचा ते मी ठरवलं. पोर वाजवायला बसली की मला काय वाटतं ते कुणाला सांगून कळायचं नाही.

एक दिवस पत्र आलं. घरात मी एकटी. चष्मा सापडेना, म्हणून शेजारच्या पार्वतीवयनीला वाचायला दिलं. तिने दोन ओळी वाचल्या आणि छातीला हात लावला.

"चौकशीक माणूस येतलो गो! तू अजून जित्ती आसस हेचो दाखलो दिलंस नाय, असा कायतरी लिवलेला. पण ते घर बघतत हां. टीव्ही, फ्रीज दिसलो काय पेन्शन बंद!"

पेन्शन बंद म्हणजे तबला बंद!

दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावर मी कामाला लागले. टीव्हीवर गोधडी. मिक्सर गोठ्यात, गवताखाली. पाटल्या काढून तांदळाच्या डब्यात. आणि फ्रीज? तो काय कडेवर घेऊन पळणार? त्याला जुनं लुगडं गुंडाळलं, वर देवाचा फोटो ठेवला, फुलं वाहिली आणि उदबत्ती लावली.

तेवढ्यात दारात एक तरणाबांड माणूस. हातात फाईल!

"आजी, मी जरा घरची चौकशी करायला..."

पुढचं त्याला बोलू दिलं तर ती मी कसली?

"बस रे पुता," म्हटलं, "काय सांगू माझे हाल! सून पेज देते, पण त्यात मिठाचा कण नाही. मुलगा दिवसदिवस तोंड दाखवत नाही."

आता यात खोटं काय सांगा! मीठ डॉक्टरांनी बंद केलंय, आणि मुलगा पहाटेच ट्रक घेऊन जातो.

तो बिचारा ऐकता ऐकता पाघळला. इतक्यात फ्रीजने घर्रर्र केलं.

"हे काय वाजतंय, आजी?"

"देवाचं कपाट आहे ते. आत नामस्मरण चालतं."

तुम्हाला पटणार नाही, त्या माणसाने उठून चप्पल काढली आणि फ्रीजला नमस्कार केला! जाताना डोळे पुसत म्हणाला, "आजी, मी काहीतरी करतो."

मनात म्हटलं, जिंकले!

दुसऱ्या दिवशी सायली शाळेतून आली ती रडतच. मागे वीस-पंचवीस पोरं. प्रत्येकाच्या हातात काहीतरी: मूठभर तांदूळ, नारळ, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, एकाने तर चक्क मिठाची पुडी आणलेली.

"आजये, तू आमच्या नव्या सरांका काय सांगलंस गो? ते सगळ्यांच्या घरी जातत! वर्गात म्हणाले, एका आजीक घरात उपाशी ठेवतत!"

अरे देवा! तो शाळेचा मास्तर होता!

सून दारात उभी. "मी तुमका उपाशी ठेवतंय?" एवढंच विचारलं तिने आणि आत गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ज्या पोरीसाठी एवढं सोंग केलं तिलाच चारचौघांत खाली बघायला लावलं.

मग मी ठरवलं, आता शाळेतून कुणीही येऊ दे, घराण्याची अब्रू परत मिळवायची. दोन दिवसांनी स्कूटरवरून टक्कल पडलेला एक माणूस आला. हातात फाईल. हा नक्की हेडमास्तर! मी पाटल्या चढवल्या, टीव्ही मोठ्याने लावला, सायलीला आतल्या खोलीत तबल्यावर बसवलं.

"नमस्कार, मी..."

"ठाऊक आहे! आत या. हा बघा फ्रीज!" दार सताड उघडलं. "हे बांगडे, हे दूध, हे सुनेने केलेलं श्रीखंड. सोन्यासारखी सून आहे माझी! मिक्सर ऐकायचाय?" ऐकवला. "मला कशाचीच कमी नाही. ती पेन्शन येते ना, तिला मी हात लावत नाही. सगळी नातीच्या तबल्यावर!"

माणूस लिहिता लिहिता थांबला.

"आजी, मी पेन्शनच्याच ऑफिसातून आलोय."

खोलीतला तबला बंद पडला. मी मटकन खाली बसले. मग मात्र धरवेना. रडत रडत सगळं सांगितलं त्याला, गोधडीपासून मिठाच्या पुडीपर्यंत. "मला काय नको रे," म्हटलं, "पोरीचा क्लास तेवढा बंद करू नका."

तो आधी गंभीर होता, मग त्याचे खांदे हलायला लागले.

"आजी, नातीला खुशाल शिकवा. तुमचा हयातीचा दाखला राहिलाय. तुम्ही आहात की नाही, एवढंच बघायला आलोय मी. फ्रीज कोण बघतो?"

अंगठा घेतला, श्रीखंड खाल्लं, कागदावर काहीतरी खरडलं. सायली त्याच्या खांद्यावरून डोकावत होती.

"काय लिवलंन गो?" मी हळूच विचारलं.

पोरीला हसू आवरेना. "लिवलंनी, 'बाई प्रत्यक्ष भेटल्या. जिवंत आहेत.' आणि फुडे कंसात, 'खूपच!'"