तुडुंबा नंबर एक

माझ्या पणतीचं बारसं जवळ आलंय. घरातले सगळे मोबाइलवर कुणाचंच नसेल असं नाव शोधताहेत. मी माझं सुचवलं, तर नातीने कपाळाला हात लावला. आणि मला सौंदडजवळच्या आमच्या गावची, इंग्रजांच्या काळातली शाळा आठवली. सारवलेल्या जमिनीच्या ओल्या वासासकट.

नागपूरहून नवे गुरुजी आले होते. "तुडुंबा? असं नाव जगात कुणाचं नसतं," म्हणत त्यांनी हजेरीत मला शकुंतला करून टाकलं. ते ऐकून माझ्या मागची एक मुलगी रडायला लागली आणि दुसरी बांधावरून माझ्या बाबांना आणायला पळाली. शाळेत मुली तीनच होत्या, आणि तिघीही तुडुंबा. मी जन्मले त्या दिवशी गावतलाव तुडुंब भरून सांडव्यावरून वाहिला, म्हणून माझं हे नाव. तलाव पुन्हा तसाच भरावा म्हणून गावाने पुढच्या मुलींनाही तेच ठेवलं.

बाबा चिखलाच्या पायांनीच आले. "नाव कायले बदलून राहिले, गुरुजी? बदला. पन तलाव नाही भरला, त गावाले तुमीच सांगजा."

गुरुजींनी खिडकीतून अर्धामुर्धा तलाव पाहिला आणि शकुंतला खोडून लिहिलं: तुडुंबा एक, तुडुंबा दोन, तुडुंबा तीन.

खरं तर माझ्यानंतर तो तलाव एकदाही सांडव्याला लागला नव्हता. पण गावाला नावाचा संशय कधी आला नाही. त्यांच्या मते तुडुंबा कमी पडत होत्या. मुलगीच व्हावी म्हणून नवस बोलणारं त्या काळी आमचं एकच गाव असेल.