आप्पांच्या औषधाचं कवच

माझे आप्पा कुणावरही विश्वास ठेवायचे नाहीत.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

निपाणीत तंबाखूचा व्यापार. पोत्याच्या तोंडाशी ठेवलेलं पान ते बघायचेच नाहीत. हात कोपरापर्यंत आत घालून तळाचं पान काढायचे, वास घ्यायचे, मगच भावाचं बोलायचे.

बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपकाही त्यांना पुरायचा नाही. "ठिपका कोन बी छापतंय."

कॅप्सूल दिली तर फोडायचे. टरफल जनावराच्या हाडाचं म्हणून फेकून द्यायचे आणि कडू पूड पाण्याबरोबर गिळायचे. आम्ही जैन, पण घरात एवढं कडक दुसरं कुणी पाळत नव्हतं.

मग डोक्यात गाठ निघाली. वाईट जातीची. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, ती परत वाढली.

बेळगावच्या डॉक्टर मॅडमनी एका नव्या औषधाची ट्रायल सुचवली.

"मेंदूभोवती पहारा असतो, साधं औषध आत शिरत नाही. हे अगदी बारीक कवचात भरलेलं आहे. कवच गाठ ओळखतं आणि तिथं जाऊन फुटतं."

"आनि दुसरीकडंच फुटलं तर?"

"थोडं फुटतंच. खोटं सांगणार नाही."

हे उत्तर आप्पांना आवडलं. मग त्यांचा नेहमीचा प्रश्न आला.

"कवच कशाचं?"

"लिपिडचं. म्हणजे एक प्रकारची चरबी."

"कुनाची?"

मॅडम म्हणाल्या, कुणी अंड्यापासून करतं, कुणी सोयाबीनपासून. कंपनीला विचारावं लागेल.

"हे काय फोडून घेता येत न्हाय," आप्पा म्हणाले. "अंड्याचं असलं तर मला नको."

माझा भाऊ, अण्णा, ताडकन उठला. बेळगावातच अनगोळला त्याचं औषधांचं दुकान आहे. फोन घेऊन बाहेर गेला आणि लगेच परत आला.

"सोयाबीनचं हाय आप्पा."

मला तिथंच शंका आली. साधी तापाची गोळी देताना दोनदा नाव वाचणारा माणूस एवढ्या झटपट कसा आला? आणि माझ्याकडे बघत का नाही?

आप्पा फक्त "बरं" म्हणाले.

इंजेक्शनं सुरू झाली. गाठ काही महिने थांबली. आप्पा परत पेठेत जाऊन लोकांशी हुज्जत घालायला लागले.

मग ती पुन्हा वाढली.

शेवटी शेवटी एका दुपारी मी म्हटलं, "आप्पा, कंपनीला मी विचारू काय?"

"नको गं. मला तवाच कळलंय. काचंतनं दिसत हुता त्यो. फोन कानाला लावलाच न्हाय त्यानं."

मी विचारलं,

"मग घेतलं कशाला?"

"मला अजून ऱ्हायचं हुतं गं. आनि पोरगं माझ्यासाठी खोटं बोललं, त्याला तोंडावर कसं पाडू?"

मग म्हणाले, "मी हाय तोवर त्याला सांगू नको."

कवच कशाचं होतं, हे आमच्यापैकी कुणालाच आजही माहीत नाही.

कधी मंदिराची पायरी न चढणारा अण्णा वर्षभर अष्टमी-चतुर्दशीचे उपास करतोय. पाहुणे कौतुक करतात. मला त्या उपासांचा पहिल्यापासून संशय आहे.

अण्णा, समोर बसून बोलायला मला जमलं नाही, म्हणून इथं लिहिते.

आप्पांना माहीत होतं.

त्यांनी ते औषध स्वतःच्या मर्जीनं घेतलं. तू त्यांना फसवलं नाहीस. तुला ते जमलंच नसतं.

आज घरी ये. दिवस मावळायच्या आत. मी ताट वाढून ठेवते, पोटभर जेव.

आप्पा, जय जिनेंद्र.