दयेच्या दाराची फिर्याद

दार फोडून झालेल्या चोऱ्या मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या, पण खुद्द दारच चोरीला गेल्याची फिर्याद एकदाच नोंदवली. निवृत्तीनंतर मनातून बरेच गुन्हे पुसले गेले. हा मात्र आठवला की अजूनही बरं वाटतं, म्हणून लिहितो आहे. संबंधित माणसं आज सुखाने नांदत आहेत, त्यामुळे नावं कुणाचीच देत नाही.

मी तेव्हा वाई भागात निरीक्षक होतो. नोव्हेंबर संपत आला होता. सकाळची हजेरी घेऊन मी खुर्चीत बसतो न बसतो तोच दोघे जण आत आले. एक पाचगणीच्या चर्चचे फादर, मूळचे नगरकडचे, अस्सल मराठी बोलणारे. दुसरे वाईतले सुतारकाम करणारे एक मुसलमान चाचा, नक्षीकामात नाव असलेले. चाचांचा चेहरा उतरलेला होता.

फादरांनी सांगितलं ते असं. पोपनी डिसेंबरपासूनचं वर्ष दयेचं पवित्र वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. अशा वर्षी ठरावीक चर्चमध्ये एक खास दार उघडतात. पश्चात्ताप करून, देवाची आणि माणसांची माफी मागून भाविक त्या दारातून आत जातात. डोंगरावरच्या या चर्चलाही तशी परवानगी मिळाली होती, म्हणून चाचांकडून नवं सागवानी दार करून घेतलं होतं. ते न्यायला फादरांचा टेम्पो वाईला पोचला, तेव्हा दार आदल्या दिवशीच गेलेलं होतं. टेम्पो घेऊन एक माणूस आला होता. "फादरांनी पाठवलंय," असं म्हणाला आणि चाचांनी विश्वासाने दार चढवून दिलं.

"जाऊ द्या साहेब," फादर म्हणाले. "कुणाला तरी माझ्यापेक्षा जास्त गरज असेल. आम्ही जुन्या दारावर भागवू."

चाचा एकदम ताठ झाले. "तुमचं भागेल. माझं काय? बाजारात लोक म्हणायला लागलेत की मीच दार परस्पर विकलं. कुणी म्हणतंय, मुद्दाम केलं. फिर्याद माझी लिहा."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. चोरी देवळातली असो, मशिदीतली असो की चर्चमधली, चोराच्या आधी अफवा गावभर फिरून येते. मी फसवणुकीचा गुन्हा नोंदवला आणि फिर्यादी म्हणून चाचांचं नाव घातलं. चाचांच्या मोबाईलवर दाराचा फोटो होता. कडेने द्राक्षाचा वेल, गव्हाच्या लोंब्या, आणि वर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. चाचांनी आयुष्यात पाहिलेला मेंढपाळ एकच, म्हणून त्याच्या अंगावर त्यांनी घोंगडी कोरली होती. आमच्या हवालदाराने वर्णनात लिहिलं, 'दारावर एक धनगर'. फादरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "राहू द्या तसंच. आम्हालाही तो धनगरच वाटतो."

फोटो शेजारच्या जिल्ह्यांत पाठवला. इकडे जुन्या लाकडाचे व्यापारी, बंगल्यांची कामं, हॉटेलं पालथी घातली. एवढं देखणं दार कुणीतरी हौशी माणूस विकत घेणार, असा माझा अंदाज होता. तो साफ चुकला.

खबर आली सांगलीहून. विश्रामबागेच्या पुढे एका दुकानदाराचं बिजागऱ्या, कड्या-कोयंड्यांचं दुकान होतं. तिथल्या पोलिसांनी दाखवलेला फोटो पाहून त्याने मलाच फोन लावला. "साहेब, एक गडी आला होता. लय जड दाराला बिजागऱ्या पायजेत म्हणाला. मी विचारलं, बंगला कुठं बांधलास? तर म्हणतो, बंगला न्हाई, पत्र्याचं शेड हाय. मला काय चैन पडंना. सायकल काढून बघून आलो. पत्र्याच्या खोलीला तुमचं दार बसवलंय."

स्थानिक ठाण्याला कळवून आम्ही दुपारी तिथे पोचलो. वस्तीच्या टोकाला उसाच्या बांधालगत एक खोली होती. चारी बाजूंनी गंजका पत्रा, आणि पुढे ते दार. पत्र्याच्या खोलीवर तो वेल आणि तो मेंढपाळ असे काही शोभत होते की आमचा हवालदार वाहनातून उतरायचंच विसरला. चोर दार विकतो. हा माणूस दार लावून आत राहत होता. गुन्ह्याचा हेतू पैसा नाही, हे मला तिथेच समजलं.

दार उघडलं ते दिवस भरत आलेल्या एका तरुण बाईने. आमची वर्दी पाहून ती चौकटीला धरून उभी राहिली. नवरा मागे टेम्पो धूत होता. पळाला नाही. "चला," म्हणाला आणि हात पुसले.

ठाण्यात आणल्यावर मात्र त्याने तोंड मिटलं. दार बाजारात विकत घेतलं, एवढंच वाक्य तो धरून बसला. कुठल्या बाजारात, कुणाकडून, काही नाही. वर्षानुवर्षं माणसं समोर बसवून मला एक कळलं आहे. माणूस मार सोसतो, दमदाटी सोसतो, पण त्याला ज्याचा अभिमान आहे त्याची निंदा सोसत नाही. मी सगळ्यांना बाहेर पाठवलं, दोन चहा मागवले आणि सहज म्हणालो, "तुझंही नशीब बघ. चोरून चोरलंस ते हलकं लाकूड. सुताराने फादरांना फसवलंय. वरून सागवानाचा रंग, आत जंगली फळी."

त्याने कप खाली ठेवला. "कोण म्हणतं? अस्सल सागवान हाय ते. माझ्या बापानं लावल्यालं झाड हाय."

एवढं बोलला आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. मग त्याने काही लपवलं नाही.

त्याची आई पाचगणीत एका शाळेच्या भटारखान्यात काम करून निवृत्त झालेली, नेमाने चर्चला जाणारी, तिथली वारकरीणच म्हणावी अशी. घाटाखाली त्यांचा जमिनीचा एक तुकडा होता. तिथे वडिलांनी साग लावला होता आणि पोराला सांगितलं होतं की तुझ्या घराला याच झाडाचं दार करू. वडील गेले. पोराने सांगलीकडच्या एका जैन शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न केलं. मुलीच्या घरच्यांनी नाव टाकलं आणि याच्या आईनेही उंबरा बंद केला. पुढे बायकोला दिवस गेले. पत्र्याच्या खोलीला पुढून नुसतं गोणपाट लावलेलं.

"कुत्री शिरत्यात साहेब आत," तो म्हणाला. "आता बाळंतीण, तान्हं लेकरू तिथं निजायचं. आयला निरोप धाडला, झाडाच्या चार फळ्या दे म्हणून. उत्तर आलं न्हाई. मग कळलं की तिनं झाड तोडून चर्चला दिलं. कशाला, तर दयेच्या दाराला. मला लय राग आला. म्हणलं, बघू कुणाचं दार हाय ते."

झाडावर हक्क कुणाचा हा वाद दिवाणी होता. खोटं सांगून वस्तू नेणं हा गुन्हा फौजदारी. मी त्याला अटक केली, पण त्या दिवशी जेवण मला गेलं नाही.

पंचांसमक्ष लाकडाची ओळख पटवणं गरजेचं होतं. फादरांना घेऊन मी त्याच्या आईकडे गेलो; पाचगणीत सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात गवत काढत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घालूनच म्हणाल्या, "मला मुलगा न्हाई साहेब."

मी फादरांकडे पाहिलं. आता ते क्षमेवर प्रवचन देणार असं मला वाटलं. ते उकिडवे बसले, दोन काड्या गवत उपटलं आणि म्हणाले, "मावशी, लाकूड ओळखायला तुम्हीच हव्यात. मुलाला ओळखायचं की नाही, ते नंतर बघू."

मावशी आल्या. जीपमध्ये पुढे बसल्या, आणि मागे फादर, हवालदार आणि त्यांचा मुलगा. वाईपासून सांगलीपर्यंत मावशी पुढच्या रस्त्याकडे बघत राहिल्या आणि मुलगा बाजूच्या उसाकडे.

खोलीपाशी पोचल्यावर त्या सरळ दाराकडे गेल्या. तळव्याने लाकूड चाचपलं, एका गाठीवर बोट ठेवलं. "हे आमचंच." मग खाली वाकल्या. दाराची खालची कड वेडीवाकडी कापलेली होती. पत्र्याची चौकट बुटकी, म्हणून पोराने दारच करवतीने छाटलं होतं.

"हे कुणी कापलं?"

"मी," मुलगा म्हणाला.

"तुझ्या बापाला सुदिक कधी सरळ कापाय आलं न्हाई. तुला कुठनं येणार?"

पंचांपैकी एक जण फिसकन हसला. मुलाच्या तोंडावरही काहीतरी हललं. तेवढ्यात आतून सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मावशींनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आवं आत्ती, आत या की. उनात हुब्या हायसा," सून म्हणाली.

मावशी जागच्या हलल्या नाहीत. मग विचारलं, "कितवा?"

"आठवा सरत आला."

"आणि पाणी कोण भरतंय?"

"मीच."

मावशींनी तांब्या तिच्या हातातून घेतला, पाणी प्यायल्या आणि चप्पल काढून आत गेल्या. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या त्या मलाच बोलल्या, "साहेब, हे दार न्यायचं न्हाई."

"मावशी, हा मुद्देमाल आहे. गुन्हा नोंद झालाय."

"मग तुमचा मुद्देमाल हितंच ऱ्हाऊ द्या."

फादर म्हणाले, "माझी हरकत नाही. परक्याला आसरा, उघड्याला पांघरूण, हेच तर आम्ही या वर्षी लोकांना सांगतोय. पण माफ करणं एकट्या माझ्या हातात नाही. आळ आला तो चाचांवर. त्यांच्या वतीने मी दयाळू व्हायला लागलो, तर ती फुकटची दया."

हे वाक्य मी कधी विसरलो नाही. तोवर मला वाटायचं की माफी म्हणजे प्रकरण मिटवून टाकणं. हा पाद्री प्रकरण उलट नीट उघडायला सांगत होता.

जामिनावर सुटल्यावर मुलगा चाचांच्या दुकानात गेला. फादर सोबत होते, मीही मुद्दाम गेलो. बाजारातली माणसं गोळा झाली. सगळ्यांसमोर तो मोठ्याने म्हणाला, "दार मी नेलं. चाचांचा यात काडीचा दोष न्हाई. मला माफ करा." एवढ्यानेच चाचांवरचा आळ धुऊन निघाला. मी दहा पत्रकं काढली असती तरी तसं झालं नसतं.

चाचांनी ऐकून घेतलं. "नेलंस ते नेलंस," ते म्हणाले. "पण कापलंस का रं? करवत धरायची अक्कल न्हाई, आणि माझ्या नक्षीला हात लावलास?" चोरीपेक्षा त्यांना ते जास्त लागलं होतं. शेवटी म्हणाले, "माफ केलं. पण जोड तूच लावायचास, माझ्या नजरेखाली. सरळ जमेस्तोवर पुन्हा पुन्हा."

न्यायालयाने दार फादरांच्या ताब्यात सुपुर्दनाम्यावर दिलं. म्हणजे वस्तू जपून ठेवू आणि बोलावल्यावर हजर करू, असं लिहून घेऊन. फादरांनी ते सांगलीतच ठेवण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. दार जप्त झालं, पण हललं नाही. डिसेंबरात डोंगरावर पवित्र वर्ष सुरू झालं ते जुन्याच दाराने. लोकांनी विचारलं, तेव्हा फादर म्हणाले, "नवं दार कामावर गेलंय."

मावशी बाळंतपणाला सांगलीला गेल्या त्या तिथेच राहिल्या. मुलगी झाली. बातमी कळताच सुनेची आईही डिंकाचे लाडू घेऊन आली. तिने दारावरचा मेंढपाळ पाहिला आणि विचारलं, "हे कुठलं म्हणायचं देव?" मावशी म्हणाल्या, "आमचंच. या आत."

पुढे न्यायालयाच्या परवानगीने तडजोड झाली. मुलाने चाचांच्या दुकानात बसून जोड लावला. उरलेल्या फळ्यांतून चाचांनी पत्र्याच्या खोलीसाठी एक साधं दार करून दिलं. झाड मोठं होतं. दोन्ही दारांना पुरलं.

ईस्टरच्या सुमारास नवं दार चर्चला बसलं. मलाही बोलावणं होतं. मावशी नातीला घेऊन पुढे, मागे मुलगा आणि सून. सून दाराशी घुटमळली. फादर म्हणाले, "पोरी, या दाराआड तू सगळ्यांत जास्त राहिलीस. आता आम्हाला 'या' म्हण." ती हसली आणि खरोखरच आम्हा सगळ्यांना "या" म्हणाली. चाचा बाजूला उभे राहून बिजागरी करकरते का, ते ऐकत होते.

पोलिसाचं काम गुन्हा शाबीत करण्याचं, दया करण्याचं नाही, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो. अजूनही तेच शिकवेन. पण या प्रकरणाने त्यात भर घातली. खरं काय ते आधी बाहेर आलं पाहिजे. ज्याचं नुकसान झालं त्याला विचारलं पाहिजे. आणि ज्याने बिघडवलं त्याच्या हातून दुरुस्ती झाली पाहिजे. एवढं झालं की दयेला जागा होते, आणि तपास नीट झाला असेल तर ही जागा करून देणं पोलिसाच्याही हातात असतं.

निवृत्तीनंतर एकदा मावशींचा फोन आला. आवाज चढलेला होता. मला काळजी वाटली.

"साहेब, तुमी सूनबाईला समजावून सांगा. कांदा-लसूण खाईत न्हाई ते न्हाई, पर नातीला सुदिक खाऊ देईना. आमच्या घरात असं कधी झालं न्हाई."

"तक्रार नोंदवून घेऊ का, मावशी?"

"नगं," मावशी म्हणाल्या. " ती आयकतीया हितं बसून. हसतीया."