कराम्यातलं वाळूचं ग्राउंड

आम्ही चार जुनी डोकी जमलो की कराम्यातल्या त्या ग्राउंडचा विषय निघतोच. एक किस्सा सांगायला घ्यावा, तर दुसरा "आधी माझं!" म्हणत पुढे घुसतो. ग्राउंड कसलं, बिल्डिंगांमागचा वाळूचा मोकळा प्लॉट! पण नव्वदच्या दशकात, आखातात नोकरीला असताना, आमची शुक्रवारची सुट्टीची सकाळ तिथेच जायची.

कॅप्टन सावंत, कणकवलीचा गवंडी. ऐन जूनमध्ये एकदा टॉस जिंकला. अंपायरने विचारलं, "बोल, काय घेणार?"

"सावली!"

* * *

अंपायर कायम देशपांडेकाका. शेजारच्या अल मनखूलला राहणारे अकाउंटंट. एकदा आमचा सिक्सर थेट एका अरबाच्या पांढऱ्याशुभ्र गाडीच्या टपावर! तो उतरला.

"यल्ला, बॅट!" म्हणत त्याने हात पुढे केला.

पहिल्याच बॉलला दांडी गुल. काका ओरडले, "नो बॉल!" दुसऱ्यालाही दांडी गुल. "नो बॉल!" तिसरा त्याने लांब भिरकावला आणि खूश होऊन निघून गेला.

सावंत चिडला, "काका, हे कसले नो बॉल?"

"अरे, अंपायरचाही व्हिसा रिन्यू व्हायचा असतो!"

* * *

स्कोअर लिहायची काकांची लेक मुग्धा. एकदा ऊन चढलं, जेवायची वेळ टळली आणि काकांनी ओळीने तीन रन आउट दिले. वहीतून मान वर न काढता ती म्हणाली, "बाबा, यू आर जस्ट हंग्री!"

* * *

जवळच साहेबलोकांचा क्लब होता, खऱ्या गवताचा. गेटवर पाटी, 'मेंबर्स ओन्ली'. सावंत प्रॅक्टिससाठी विचारायला गेला, तर वॉचमननेच परतवला. फार लागलं होतं त्याला.

पुढे त्याच क्लबची टीम हौसेने आमच्याकडे मॅच खेळायला आली. आमच्या वाळूवर बॉल कधी डोक्यावरून, कधी घोट्याखालून! चाळीसात सगळे खलास. त्यांचा कॅप्टन फणफणला, "ये पिच खराब है!"

"खराब नहीं साब," सावंत म्हणाला, "मेंबर्स ओन्ली है!"

* * *

मग एका शुक्रवारी, ऐन मॅचमध्ये, सर्व्हेवाला आला. तिथे टॉवर होणार होता, प्लॉट मोजायचा होता. "खलास, भाई लोग!"

सावंतने हात जोडले, "बस, एक ओव्हर."

त्याने मान डोलावली आणि बॉलरच्या मागे, सरळ रेषेत, आपली तीन पायांवरची दुर्बीण उभी केली.

शेवटचा बॉल सावंतच्या पायावर आदळला. जोरदार अपील! काका म्हणाले, "नॉट आउट."

दुर्बिणीला डोळा लावलेला सर्व्हेवाला ओरडला, "आउट है, अंकल! एकदम मिडल स्टंप!"

एकदा दिलेला निर्णय दहा वर्षांत कधीही न फिरवणाऱ्या काकांनी हळूच बोट वर केलं. सावंत बॅट काखेत मारून निघाला.

सर्व्हेवाल्याने मधला स्टंप उपटला आणि त्याच भोकात लाल झेंडीची खुंटी ठोकली.